शिवरात्रीला उघडणारा देश

शंभर वर्षांपूर्वी काशीहून काठमांडूला जायचे तर खिशात पैसे आणि पायांत बळ असून भागत नसे. आधी पंचांग उघडावे लागे. माघ वद्य चतुर्दशी कधी आहे ते बघायचे (उत्तरेकडच्या पंचांगात तीच तिथी फाल्गुनात पडते), तिच्या मागचे दिवस मोजायचे आणि मग गाठोडे बांधायला घ्यायचे. काशीच्या उत्तरेला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर नेपाळची हद्द सुरू होते. तो देश परक्या माणसाला वर्षभर बंद असे आणि पशुपतिनाथाच्या महाशिवरात्रीपुरता उघडे. एका अख्ख्या राज्याच्या सीमेवरचा प्रवेश एका तिथीवर अवलंबून असावा, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हापासून मनातून जात नाही.

सरकारी बंदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहते. पण बंद देशांच्या जुन्या प्रवासकथा वाचत गेलो की वेगळेच दिसते. पूर्ण बंद देश जवळजवळ नसतोच. दार असते, ते कधी उघडते, कोणासाठी उघडते आणि आत गेलेल्या माणसाने कधी परतायचे, याचे नियम असतात. हे नियम ज्याला वाचता येतात तो पोहोचतो. आणि हिंदुस्थानात हे नियम वाचायला शिकण्याचे सर्वांत मोठे ठिकाण, माझ्या मते, काशी हेच होते.

नेपाळ बंद का होता, हे आधी बघू. 1814 ते 1816 या काळात नेपाळचे कंपनी सरकारशी युद्ध झाले आणि सुगौलीच्या तहात नेपाळला बराच मुलूख गमवावा लागला. काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट ठेवून घेणेही भाग पडले. पण या रेसिडेंटलासुद्धा काठमांडूच्या खोऱ्याबाहेर मनासारखे फिरता येत नसे. 1846 साली जंगबहादूर राणाने सत्ता हातात घेतली आणि त्याच्या घराण्याने 1951 पर्यंत हे धोरण अधिकच घट्ट केले. व्यापाऱ्याच्या मागून फौज येते, हे त्यांनी हिंदुस्थानात घडताना पाहिलेले होते. म्हणून त्यांनी मुद्दाम रस्तेच बांधले नाहीत. तराईचे दाट जंगल आणि त्यातला हिवताप, ज्याला तिथले लोक 'औल' म्हणत, हाच त्यांचा तट. उन्हाळा सुरू झाला की औलाचे दिवस येत आणि पावसाळा संपून थंडी पडेपर्यंत तराईत रात्र काढणे म्हणजे जिवावर उदार होणे.

आता शिवरात्र कधी येते ते आठवा. फेब्रुवारीची अखेर किंवा मार्चची सुरुवात. थंडी ओसरलेली, डोंगरातल्या वाटा मोकळ्या झालेल्या आणि औल अजून सुरू व्हायचा. यात्रेकरू जाऊन परत येईपर्यंत जंगल जेमतेम निर्धोक राही. म्हणजे धर्माचे पंचांग आणि रोगाचे पंचांग त्या दिवसांत एकमेकांशी जुळत होते. हे कुणी ठरवून केले नव्हते, पण राणा सरकारला ते सोयीचेच पडले. स्वतःला हिंदू राज्य म्हणवणाऱ्या सत्तेला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूला नाही म्हणता येत नव्हते. तेव्हा हो म्हणायचे ते थोडक्या दिवसांसाठी, एकाच वाटेने आणि पहाऱ्यातून.

ती वाट अशी. रेल्वेने सगौलीवरून रक्सौल. तिथे इंग्रजी मुलूख संपे. पलीकडे वीरगंज. मग तराईचे जंगल ओलांडून भीमफेदी, तिथून खडी चढण चढून चिसापानीची गढी, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याची राहदानी, म्हणजे प्रवासाचा परवाना, तपासला जाई. पुढे चंद्रागिरीची खिंड, आणि खिंडीतून एकदम खाली दिसणारे काठमांडूचे खोरे. 1956 साली त्रिभुवन राजपथ झाला तोवर खोऱ्यात बाहेरून मोटार येईल असा रस्ताच नव्हता. तरी राणांच्या महालांत मोटारी होत्या! हमालांनी त्या बांबूंवर बांधून, खांद्यावरून डोंगर ओलांडून आणल्या होत्या. काठमांडूच्या गुळगुळीत रस्त्यांवर धावणारी परदेशी मोटार आणि तिला डोंगरावरून वाहून आणणारे ते अनवाणी पाय, या एका चित्रात तो बंद देश पुरा दिसतो.

या वाटेने गेलेला आपला माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, जन्म 1876 चा. 'बालबोध' मासिकात बुद्धाबद्दल वाचले आणि त्या वाचनाने त्यांचे आयुष्यच वळवले. बौद्ध धर्म शिकायचा तर आधी संस्कृत यायला हवे, म्हणून घर, पत्नी आणि लहान मुलगी मागे ठेवून ते पुण्याला आले, तिथून ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत राहायला पैसा नव्हता. अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे शिकायचे. त्या काळच्या गरीब विद्यार्थ्याचा हा नेहमीचाच दिनक्रम. पण त्यांच्या डोक्यात प्रश्न वेगळा होता. जिवंत बौद्ध धर्म कुठे बघायला मिळेल? हिंदुस्थानात तो उरला नव्हता, सिंहल, म्हणजे आजची श्रीलंका, फार दूर वाटत होते, नेपाळ त्या मानाने जवळ होता. फक्त तो बंद होता.

इथे काशी कामी आली. काशीच्या पाठशाळांत नेपाळी विद्यार्थी भरपूर असत. 1791 साली सुरू झालेले संस्कृत कॉलेज होते, घराघरांतून चालणाऱ्या पाठशाळा होत्या, आणि नेपाळच्या पंडितांना काशीत शिकून गेल्याचा मान मोठा होता. त्यामुळे बंद देशाची माणसे या गल्ल्यांत रोज भेटत. 1902 च्या सुरुवातीला कोसंबी एका नेपाळी विद्यार्थ्याच्या सोबतीने निघाले आणि काठमांडूला पोहोचले. बंद देशाचे दुसरे दार हे असे असते. पहिले दार तिथीने उघडते, दुसरे ओळखीने.

आत गेल्यावर मात्र कोसंबींची निराशा झाली. स्वयंभू आणि बौद्धनाथचे स्तूप उभे होते, पण पुस्तकात वाचलेला बुद्धाचा धर्म त्यांना तिथे सापडला नाही. ते परतले, बुद्धगयेला गेले, तिथून कलकत्त्यामार्गे त्याच वर्षी सिंहलला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकू लागले. मराठीत पाली अभ्यासाची परंपरा उभी राहिली ती तिथून. नेपाळची ती सफर फसली असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. जो देश बंद असतो त्याच्याविषयी मनात फार मोठ्या कल्पना साठतात, आणि आत जाऊन त्या तपासल्याशिवाय माणूस पुढे सरकत नाही. कोसंबींनी तपासून पाहिले, हवे ते इथे नाही हे मान्य केले आणि वळले. आपल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी या सगळ्या दिवसांविषयी अगदी साधेपणाने लिहिले आहे.

त्याच सुमारास नेपाळात आणखी एक मराठी माणूस होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नाटककार आणि टिळकांचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. वरून उद्योग कौलांच्या कारखान्याचा आणि आतून बेत शस्त्रांच्या कारखान्याचा, असे टिळकांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. बेत तडीस गेला नाही. पण इंग्रजांची नजर पोहोचत नाही असा जवळचा मुलूख म्हणून नेपाळकडे पाहणारे मराठी लोक होते, हे यातून कळते. 1857 नंतर पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना आणि अवधच्या बेगम हजरत महलला आसरा मिळाला तोही तिथेच. बेगमची कबर आजही काठमांडूत आहे.

नेपाळच्या पलीकडे तिबेट. तो तर दुप्पट बंद. तिथे शिवरात्रही नव्हती.

तिबेटात शिरायची सर्वांत विलक्षण तयारी इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने केली. कुमाऊंच्या नैनसिंग रावत यांना खात्याने आधी चालायला शिकवले. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढ्याच लांबीचे पडले पाहिजे: दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण तिचे मणी 108 नव्हते, 100 होते. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल झाले. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. पाणी किती अंशांवर उकळते ते बघून उंची काढायची. नैनसिंग 1865 साली काठमांडूमार्गे निघाले आणि 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. बघणाऱ्याला वाटावे, एक भाविक जप करीत चालला आहे. आणि त्या जपातून एका देशाचा नकाशा तयार होत होता.

तिबेटहून परतलेला एक जण पुढे काशीत येऊन राहिला. एकाई कावागुची, जपानी भिक्षू. चिनी भिक्षूच्या वेशात तो 1900 साली तिबेटात शिरला आणि 1902 मध्ये ओळख उघडी पडायच्या बेतात आली तेव्हा निसटला. पुढे काही वर्षे तो काशीत संस्कृत शिकत राहिला, ॲनी बेझंट यांच्या सेंट्रल हिंदू कॉलेजच्या आश्रयाने. 'थ्री इयर्स इन तिबेट' हे त्याचे इंग्रजी पुस्तक 1909 साली अड्यार आणि बनारस इथल्या थिऑसॉफिकल संस्थांनी काढले. त्याच्या साहसाची तारीफ सगळे करतात. मला त्याची दुसरी गोष्ट मोठी वाटते. आपल्याला आसरा देणाऱ्या तिबेटी माणसांना तुरुंगात टाकले आहे असे कळल्यावर तो 1903 साली पुन्हा नेपाळात गेला, महाराज चंद्र शमशेर यांना भेटला आणि त्यांच्यामार्फत दलाई लामांकडे त्या माणसांसाठी अर्ज पाठवायची खटपट केली.

असे करणारे फार थोडे. बंदी मोडून जाणाऱ्याची कथा आपण वाचतो, टाळ्या वाजवतो. मागे राहिलेल्याचे काय झाले, हे शेवटच्या पानात एका ओळीत येते, किंवा येतच नाही. बंगालचे शरच्चंद्र दास 1879 आणि 1881 साली तिबेटात जाऊन आले. सुखरूप परतले, मानमरातब मिळाले, तिबेटी भाषेचा मोठा कोश केला. त्यांना आपल्या मठात ठेवून घेणाऱ्या सेंगचेन लामांना मात्र पुढे तिबेट सरकारने नदीत बुडवून मारले. त्यांचा अपराध एवढाच, की दारात आलेल्या विद्वानाला त्यांनी घरात घेतले. कुठल्याही बंद देशाच्या प्रवासाची आखणी करताना पहिला हिशेब हा मांडायला हवा: मी पकडलो गेलो तर मला परत पाठवतील, पण मला भाकरी देणाऱ्याचे काय होईल?

हे सगळे धडे एकत्र करून गेलेला माणूस म्हणजे राहुल सांकृत्यायन. जन्म 1893 चा, आझमगढ जिल्ह्यातला. लहानपणी घरातून पळून जी गावे गाठली त्यांत काशी होती, आणि संस्कृत शिकले तेही काशीत. 1929 साली ते तिबेटला निघाले तेव्हा 'राहुल' झालेले नव्हते. रामोदार साधू होते. सिंहलमध्ये पाली शिकून झाले होते आणि एक रुखरुख लागली होती. हिंदुस्थानात नष्ट झालेले बौद्ध संस्कृत ग्रंथ तिबेटच्या मठांत शिल्लक असणार, ते आणायला हवेत.

त्यांची आखणी बघण्यासारखी आहे. कालिम्पाँगवरून ल्हासाला जाणारी वाट सरळ, पण तिच्यावर इंग्रजांचा परवाना लागे, आणि काँग्रेसच्या चळवळीत तुरुंगवास भोगून आलेल्या माणसाला तो कोण देणार? म्हणून नेपाळ. पण नेपाळही बंद. म्हणून शिवरात्र. 1928 च्या अखेरीस सिंहलहून निघायचे, मधले महिने हिंदुस्थानातली बौद्ध स्थळे बघत काढायचे आणि मार्चमध्ये यात्रेकरूंच्या लोंढ्याबरोबर रक्सौलची हद्द ओलांडायची. हजारो यात्रेकरूंत एका साधूकडे कोण बघतो?

खरी अडचण शिवरात्र झाल्यावर. यात्रेकरूंना ठरल्या मुदतीत परत जावे लागे. राहुल परतले नाहीत. बौद्धनाथ परिसरात तिबेटी लामांच्या मंडळींत ते मिसळून गेले, अंगावर तिबेटी वेश चढवला आणि लपतछपत उत्तरेची हद्द गाठली. पुढे भिकाऱ्याच्या वेशात, सुमति नावाच्या एका मंगोल भिक्षूच्या संगतीने पायी प्रवास. त्या मुलखात दरोडेखोरांचे भय मोठे, हत्याराला कायदा नाही. कुणी संशयास्पद माणूस समोर आला की टोपी काढायची, जीभ बाहेर काढून तिबेटी पद्धतीने नमस्कार करायचा आणि एक पैसा मागायचा. ज्याच्यापाशी काही नाही त्याला मारून कुणाला काय मिळणार?

याच वाटेवरचा त्यांचा एक अनुभव मला त्यांच्या सगळ्या लिखाणात अमोल वाटतो. भिकाऱ्याच्या वेशात असताना एका गावात त्यांना राहायला चांगली जागा मिळाली, कारण सुमतिची तिथे ओळख होती. पाच वर्षांनी त्याच गावात ते सभ्य प्रवाशाच्या पोशाखात घोड्यावर बसून गेले, तर कुणी आत घेईना. अखेर गावातल्या अगदी गरिबाच्या झोपडीत रात्र काढावी लागली. गाव तेच, माणूस तोच. पैसा आणि पोशाख जे करू शकले नाहीत ते ओळखीने केले होते.

आणि ओळखीचा केवढा मोठा आधार त्यांना ल्हासात मिळाला ते बघा. 1856 च्या थापाथलीच्या तहाने नेपाळी व्यापाऱ्यांना तिबेटात जकात माफ होती, त्यांच्या तंट्यांचा न्याय त्यांच्याच वकिलातीकडे होता, आणि तिबेट सरकार नेपाळला दर वर्षी दहा हजार रुपये देत होते. त्यामुळे काठमांडूच्या नेवार सावकारांच्या पेढ्या ल्हासाच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या होत्या. राहुल जुलै 1929 मध्ये ल्हासाला पोहोचले ते अशाच एका सावकाराच्या, धर्ममान साहूंच्या, कोठीत उतरले. जिथे इंग्रज साम्राज्याचा माणूस परवान्याशिवाय जाऊ शकत नव्हता, तिथे काठमांडूचा वाणी दुकान थाटून बसला होता. 1930 मध्ये राहुल परतले तेव्हा बावीस खेचरांवर लादलेले ग्रंथ आणि पटचित्रे त्यांच्यासोबत होती; तो संग्रह पाटण्याला ठेवला गेला. पुढे आणखी तीनदा ते तिबेटला गेले. 1936 साली साक्य मठात त्यांना प्रज्ञाकरगुप्ताचे 'प्रमाणवार्तिक' या बौद्ध न्यायग्रंथावरील संस्कृत भाष्य ताडपत्रांवर मिळाले. हिंदुस्थानात ते शतकानुशतके कुणी पाहिलेले नव्हते.

बंद देशाची वाहतूक एकतर्फी नसते, हेही काशीत दिसते. ललिता घाटावर पायऱ्या चढून गेले की नेपाळी मंदिर लागते. दुमजली उतरते छप्पर, खाली तिरप्या आधारांवर कोरलेल्या लाकडी मूर्ती, काठमांडूच्या एखाद्या चौकातून उचलून गंगेकाठी आणून ठेवावे तसे. लोक त्याला 'काठवाला मंदिर' म्हणतात. ते बांधायला घेतले नेपाळचा राजा रणबहादूर शाह याने, काशीत येऊन राहिला असताना. म्हणजे राजाच देशाबाहेर होता. पुढे राणांनी ज्यांना देशात बोलू दिले नाही तेही इथेच आले. बी. पी. कोइराला काशीत वाढले, हिंदू विश्वविद्यालयात शिकले. 1946 साली नेपाळी राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना झाली ती काशीत. पाच वर्षांत राणांची सत्ता गेली. ज्या देशाने आपली दारे लावून घेतली होती, त्याचे दार उघडायची किल्ली शेवटी त्याने बाहेर घालवलेल्या माणसांनीच फिरवली.

आज काशीहून काठमांडूची बस मिळते. 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ करारापासून आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरतो. तिबेटचे मात्र तसे नाही. परदेशी प्रवाशाला चीनच्या व्हिसाखेरीज तिबेटचा वेगळा परवाना लागतो, ठरलेला वाटाड्या लागतो, आणि बहुतेक वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तिबेटी नववर्ष आणि 1959 च्या उठावाचा स्मृतिदिन येतो त्या दिवसांत, परदेशी पर्यटकांना प्रवेशच बंद असतो. म्हणजे ज्या दिवसांत राहुल नेपाळात शिरले, नेमके तेच दिवस आज तिबेटात बंद. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची कैलास-मानसरोवर यात्रा 1981 पासून चालत आली, 2020 ते 2024 थांबली, आणि 2025 साली पुन्हा सुरू झाली तेव्हा साडेसातशे यात्रेकरूंची सोय होती: लिपुलेख खिंडीने अडीचशे, नाथू ला मार्गे पाचशे. नावे सोडतीने निघतात.

तुम्ही अशा एखाद्या देशाचा बेत करीत असाल तर राहुल यांच्यासारखी चोरून हद्द ओलांडायची कल्पना मनातही आणू नका. त्या काळी ते विद्येसाठी होते आणि दुसरा मार्ग नव्हता. पण त्यांनी केला तसा अभ्यास जरूर करा. बंदी कोणी घातली आहे, आपल्या सरकारने की त्यांच्या? ती कोणत्या महिन्यांत असते, कोणत्या वाटेवर असते, कोणत्या कारणासाठी जाणाऱ्याला सूट मिळते? मंत्रालयाच्या सूचना निघण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत वाचत राहा. आणि तिथे ज्याच्या घरी उतरणार, त्याला तुमच्यामुळे पोलिसांपुढे उभे राहावे लागणार नाही ना, हे त्यालाच आधी विचारून घ्या.

निघायच्या आधी काशीत एक दिवस काढता आला तर सारनाथला जा. स्तूप बघून झाला की जवळच 1967 साली स्थापन झालेली केंद्रीय तिबेटी उच्च शिक्षण संस्था आहे. जे ग्रंथ संस्कृतात हरवले आणि फक्त तिबेटी अनुवादात उरले, ते तिथे तिबेटीवरून पुन्हा संस्कृतात आणायचे काम चालते.